माया एक, वाटा तीन

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आपल्यासारख्या कितीतरी जणी असतात. बाळ जरा मोठं झालं की मुलं म्हणतात, "आता तुम्ही दोघं चार दिवस बोटीनं फिरून या." आमच्या जावईबापूंनीही तसंच तिकीट काढलं. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाशी बोट एक दिवस थांबणार होती. तिथून माया लोकांची जुनी नगरं पाहायची; पण एका दिवसात एकच! कोणतं? आदल्या रात्री यावरून आम्हां दोघांचं चांगलंच जुंपलं.

पहिलं चिचेन इत्सा. नाव सर्वांत मोठं. तिथल्या दगडी मंदिराला चारही बाजूंनी ९१ पायऱ्या आणि माथ्यावरची एक, मिळून ३६५. वर्षाचे दिवस तेवढ्या! पण आधी पाऊण तास फेरीबोट, मग बसनं अडीच तास, आणि तेवढंच परत. एवढं करून त्या पायऱ्या चढायला आता बंदी आहे.

दुसरं तुलुम. समुद्रकाठच्या कड्यावरचं तटबंदीचं गाव, खाली निळंहिरवं पाणी. फेरीबोटीनंतर बसनं साधारण तासभर. सावली मात्र नावालाच.

तिसरं सॅन जर्वासिओ. हे कोझुमेल बेटावरच. धक्क्यापासून मोटारीनं अर्ध्या तासाच्या आत. बांधकामं बुटकी, वाट सपाट.

"चार पडक्या ओट्यांसाठी कोण जातं?" हे म्हणाले. नेहमीप्रमाणे मी मान डोलावणारच होते. पण मी वाचलं होतं, की हे इश्चेल देवीचं ठाणं. चंद्राची, विणकामाची, औषधांची आणि बाळंतपणाची देवी. पाचशे वर्षांपूर्वी माया बायका होड्यांतून समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला यायच्या. लेकीची ती अवघड रात्र मला आठवली. दवाखान्याच्या बाकावर बसून किती देवांना हाका मारल्या होत्या! म्हटलं, "तुम्ही तिकडे जा, मी इकडे जाते." लग्नाला चौतीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच म्हटलं, बरं का!

गेले. झाडीतून पांढऱ्या दगडांची जुनी वाट, उन्हात पसरलेले घोरपडीसारखे इग्वाना. एका लहानशा घराच्या भिंतीवर हाताचे लाल ठसे आहेत. आपल्याकडे शुभकार्याला उमटवतात ना, अगदी तसे! देवीची मूर्ती आता नाही. तरी माझे हात आपोआप जोडले गेले.

तुम्हांला जायचं झालं तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे आधी पाहा. बोटीकडूनच घेतलेली सहल उशिरा परतली, तर बोट तिच्यासाठी थांबते. बाहेरून ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही. हातातलं घड्याळ बोटीच्याच वेळेला लावा, गावची वेळ वेगळी असू शकते. बोटीवरची फळं किंवा शिजवलेलं अन्न किनाऱ्यावर नेऊ देत नाहीत, म्हणून बंद पाकिटातली चिक्की-बिस्किटं जवळ असू द्यावीत. फेरीबोट हलते; मळमळ होणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी.

आणि निवड करताना नावाकडे पाहू नका. आपले गुडघे काय म्हणतात आणि मन कुठे ओढ घेतं, ते पाहा. गुडघे धड असतील आणि त्या ३६५ पायऱ्या डोळ्यांनी पाहायचीच हौस असेल, तर खुशाल सहा-सात तास प्रवास करा. मुलंबाळं बरोबर असतील तर तुलुम सोयीचं.

संध्याकाळी हे परतले ते अंग आंबूनच. पण चेहरा खुललेला. रात्री जेवताना ते त्यांच्या पायऱ्या सांगत होते, मी माझे लाल हात सांगत होते. आणि खरं सांगू? किती वर्षांनी आम्हां दोघांजवळ एकमेकांना सांगण्यासारखं काहीतरी नवं होतं!