तीन वाजताची मिरवणूक किती वाजता?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम हे शहर आहे आणि तेथे डिस्नेलँड हे जगप्रसिद्ध थीम पार्क आहे. तेथील सेवकांना येणारे-जाणारे लोक एक प्रश्न पुनःपुन्हा विचारतात, ‘तीन वाजताची मिरवणूक किती वाजता आहे?’ ऐकणाऱ्याला हसू फुटावे असाच हा प्रश्न, कारण उत्तर प्रश्नातच बसलेले आहे. तरीही नव्या सेवकांना कामाचे शिक्षण देताना हाच प्रश्न उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि ‘तीन वाजता’ हे उत्तर अपुरे मानले जाते. मिरवणूक उद्यानाच्या एका टोकाहून निघते आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्या टोकाला पोहोचते. विचारणाऱ्याला हवे असते ते वेगळेच. आपण उभे आहोत तेथे ती केव्हा येईल, लहान मुलांना कोठे उभे करावे म्हणजे नीट दिसेल, सावली कोणत्या बाजूला आहे, तोवर काही खाऊन घेण्याइतकी सवड आहे का, हे सारे त्या एका भाबड्या वाक्यात साठलेले असते.

व्यापारात आयुष्य घालवलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. ‘हे कापड धुतल्यावर आटेल का?’ असे विचारणारे गिऱ्हाईक कापडाची चौकशी करता करता दुकानदाराचीही परीक्षा घेत असते. उद्या काही बिघडले तर हा माणूस ओळख दाखवील की नाही, हे त्याला पाहायचे असते. जेथे माल म्हणून हातात काहीच पडत नाही, केवळ एक आनंदाचा दिवस विकला जातो, तेथे तर अशा चौकशीला आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या तक्रारीला फार मोठे मोल येते. कापड परत घेता येते. मुलाबाळांसह घालवलेला, फसलेला दिवस परत घेता येत नाही.

डिस्नेलँडचा तर प्रारंभच तक्रारींनी झाला. वॉल्ट डिस्ने यांनी संत्र्यांच्या बागांची सुमारे १६० एकर जमीन घेऊन, अवघ्या वर्षभरात, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून हे उद्यान उभे केले. १७ जुलै १९५५ हा रविवार केवळ निमंत्रितांसाठी होता. प्रत्यक्षात खोटी निमंत्रणपत्रे छापली गेली आणि सुमारे २८ हजार माणसे आत शिरली. ऊन कडक होते. नव्याने ओतलेले डांबर इतके मऊ होते की स्त्रियांच्या टाचांचे बूट त्यात रुतू लागले. उपाहारगृहांतील पदार्थ संपले. नळकाम करणाऱ्या कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि शौचालये यांपैकी एकच काम वेळेत पुरे होणे शक्य होते. डिस्ने यांनी शौचालये निवडली. दुसऱ्या दिवशी टीका झाली की शीतपेयांचा खप व्हावा म्हणूनच पाण्याचे नळ बसवले नाहीत. हा सारा समारंभ दूरचित्रवाणीवरून थेट दाखवला जात होता, त्यामुळे फजिती झाकण्याची सोय नव्हती. उद्यानातील जुने लोक त्या दिवसाला ‘काळा रविवार’ म्हणत.

एखाद्याने त्या तक्रारींचा प्रतिवाद केला असता. संपाचे कारण खरे होते आणि खोटी निमंत्रणेही खरी होती. परंतु तहानलेल्या मुलाच्या आईला संपाचे कारण सांगून तिची तहान भागत नाही. उद्यान दुरुस्त होत गेले आणि पहिल्या सात आठवड्यांतच १० लाख लोक येऊन गेले.

त्या पहिल्या वर्षात डिस्ने यांना एक गोष्ट उमगली, आणि ती त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलीही. सुरुवातीला वाहनतळ आणि सुरक्षारक्षक ही कामे त्यांनी बाहेरच्या लोकांकडे सोपवली होती. थोड्याच अवधीत त्यांना कळले की भाड्याने आणलेल्या माणसांकडून आपल्या मनातले आदरातिथ्य घडत नाही. ती कामे त्यांनी आपल्या हाती घेतली. येणाऱ्याला ‘ग्राहक’ न म्हणता ‘पाहुणा’ म्हणायचे आणि काम करणाऱ्याला नाटकातील पात्राप्रमाणे ‘कास्ट मेंबर’ म्हणायचे, ही त्या घराची रीत ठरली. व्हॅन फ्रान्स यांच्याकडे नव्या सेवकांच्या शिक्षणाचे काम होते. त्यांनी घालून दिलेल्या पाठांतूनच पुढे डिस्ने युनिव्हर्सिटी नावाची शिक्षणव्यवस्था वाढली. रस्ता दाखवायचा तो पूर्ण तळहाताने किंवा दोन बोटांनी, एका बोटाने नव्हे, इतक्या बारीक गोष्टी त्यात आल्या. पेढीवर नवा मुलगा कामाला ठेवताना जुने शेठ त्याला हिशेबाआधी ‘या, बसा’ म्हणायला शिकवीत, त्याच जातीची ही शिकवण होती.

मालक स्वतःही कान उघडे ठेवून उद्यानात फिरत असे. मुख्य रस्त्यावरील अग्निशमन ठाण्याच्या माडीवर डिस्ने यांची छोटी खोली होती. एक हकिकत अशी सांगतात की, जंगलातील नौकाविहाराजवळून जाताना त्यांना एका आईचे बोलणे ऐकू आले. मूल नावेत बसण्याचा हट्ट धरीत होते आणि आई म्हणत होती की ते तर मागच्या वेळी पाहून झाले. ती बाई तक्रार करायला कोणाकडे गेली नव्हती. परंतु एकदा पाहिलेले पुन्हा पाहण्याजोगे उरले नाही, याहून गंभीर तक्रार कोणती? पुढे १९६२ मध्ये त्या नदीच्या काठी डुंबणाऱ्या हत्तींचा नवा देखावा उभा राहिला.

इतके कान देऊनही तक्रारी संपल्या का? मुळीच नाही. प्रारंभी दाराशी प्रवेशमूल्य आणि आत प्रत्येक खेळाचे वेगळे पैसे, अशी पद्धत होती. वारंवार खिशात हात घालावा लागे, म्हणून त्याच वर्षी तिकिटांची चोपडी निघाली. खेळाच्या मोलाप्रमाणे तिकिटांना इंग्रजी अक्षरे दिली गेली. प्रथम ए, बी, सी अशी तीन होती, नंतर डी आणि १९५९ मध्ये सर्वांत मोठ्या आकर्षणांसाठी ई. सोय झाली, पण चोपडीतील ई तिकिटे आधी संपत आणि ए तिकिटे घरच्या खणात वर्षानुवर्षे पडून राहत. १९८२ मध्ये चोपडी बंद झाली आणि एकाच प्रवेशमूल्यात सारे खेळ खुले झाले. आता खिशातला हात सुटला, पण नावडत्या गोष्टी वगळण्याचे कारणही उरले नाही. रांग हीच मोठी तक्रार होऊन बसली. १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आला. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यावी आणि त्या वेळी थोडक्या रांगेतून आत जावे, तेही विनामूल्य. काही वर्षांनी या सोयीला पैसे पडू लागले, आणि २०२१ पासून वेगळे मूल्य मोजल्याशिवाय ती मिळेनाशी झाली. दाराशी पैसे दिल्यावर आत पुन्हा पैसे का, असा प्रश्न जुने चाहते विचारू लागले. साठ-पासष्ट वर्षांचा फेरा घेऊन तक्रार जवळपास मूळ जागी आली होती!

यावरून काही लोक असा निष्कर्ष काढतील की लोकांना काही केल्या समाधान नसते. तो निष्कर्ष उतावळेपणाचा ठरेल. प्रत्येक उपायाने खरोखरच कोणाची तरी अडचण दूर झाली होती, आणि प्रत्येक उपायाची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली होती. उत्तर देणाऱ्याने हे दुसरे नाव ओळखले पाहिजे. ‘आम्ही सुधारणा केली’ असे सांगून जो मोकळा होतो, त्याला पुढची तक्रार कृतघ्नपणाची वाटते. सुधारणेचा भार कोणावर पडला हे ज्याला ठाऊक असते, तो तीच तक्रार शांतपणे ऐकू शकतो.

सर्वांत अवघड असतो तो चाहत्यांचा राग. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही जलसफर डिस्ने यांच्या निधनानंतर तीन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये सुरू झाली. तिच्या रचनेत त्यांनी जातीने लक्ष घातले होते, म्हणून चाहत्यांच्या लेखी ती जणू पूर्वजांची ठेव. तीत समुद्रचाचे लुटलेल्या गावातील स्त्रियांचा लिलाव करीत आहेत, असा एक देखावा होता. काही चाचे स्त्रियांच्या मागे धावत. १९९७ मध्ये धावणाऱ्या स्त्रियांच्या हाती खाद्यपदार्थ देऊन चाचे त्या पदार्थांच्या मागे लागल्याचे दाखवले गेले. २०१८ मध्ये लिलावच बदलला. तांबड्या केसांची जी स्त्री विक्रीला उभी होती, ती स्वतः चाची झाली आणि लिलाव लुटीच्या मालाचा होऊ लागला. अनेक चाहते संतापले. आमच्या बालपणाला हात का लावता, असे त्यांचे म्हणणे होते.

हा संताप हास्यास्पद नव्हे. ज्या जागी वडिलांचे बोट धरून माणूस गेला, त्याच जागी तो आपल्या मुलाचे बोट धरून जातो, तेव्हा तेथील प्रत्येक बाहुलीशी त्याची घरगुती ओळख झालेली असते. परंतु त्याच नावेत एखादी आईही बसलेली असते आणि लिलाव पाहून तिची मुलगी विचारते, या बायकांना का विकत आहेत? त्या मुलीचा प्रश्न कोणत्याही तक्रारवहीत नोंदला जात नाही. चाहत्यांचा आवाज संघटित असतो. नवख्याचा आवाज एकटा असतो आणि बहुधा तो घरी गेल्यावरच फुटतो. जो केवळ मोठा आवाज ऐकतो तो निम्मेच ऐकतो. चाहत्याला नकार देण्याची वेळ आली तर त्याच्या प्रेमाची थट्टा न करता नकार द्यावा, एवढे सौजन्य मात्र त्याचे देणे लागते. आणि नकार नेहमी कायमचा असतो असेही नाही. १९५९ पासून चाललेली पाणबुडीची सफर १९९८ मध्ये बंद झाली, तेव्हा कित्येकांना दुःख झाले. जवळपास नऊ वर्षांनी, २००७ मध्ये, नव्या कथेसह त्या पाणबुड्या पुन्हा पाण्यात उतरल्या.

एका प्रकारच्या तक्रारीत मात्र सौजन्य पुरत नाही. ती तक्रार दिलेल्या शब्दाची असते. २०२१ मध्ये डिस्नेलँडने वार्षिक प्रवेशपत्रांची नवी योजना आणली. तीतील सर्वांत महाग पत्राची किंमत १,३९९ डॉलर होती आणि वर्षातील कोणताही दिवस त्याला वर्ज्य नाही, असे जाहीर केले होते. प्रवेशासाठी दिवस आधी राखून ठेवावा लागे. काही पत्रधारकांचे म्हणणे असे की, उद्यानात इतरांसाठी जागा असतानाही आपल्याला ते दिवस मिळत नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले. कंपनीने दोष मान्य केला नाही, परंतु ९५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. प्रत्येक पत्रधारकाच्या वाट्याला येणारी रक्कम किरकोळच होती. १,३९९ डॉलर मोजणारा माणूस त्या किरकोळ रकमेसाठी भांडत नसतो. ‘तुम्ही असे म्हणाला होता’ हे त्याचे वाक्य असते. ज्या घरांत लेखी करारापूर्वी तोंडच्या शब्दावर लाखोंचे व्यवहार होत आले, त्या घरांना या वाक्याचे वजन समजावून सांगावे लागत नाही. येथे गोड बोलणे उपयोगी पडत नाही. शब्द पाळणे किंवा तो मोडल्याचे मान्य करून भरपाई करणे, एवढेच मार्ग उरतात.

डिस्नेलँडच्या मुख्य रस्त्याच्या आरंभी, प्रवेशद्वारातून आत जाताच डाव्या हाताला, ‘सिटी हॉल’ नावाची जुन्या नगरपालिकेच्या धर्तीची इमारत आहे. पाहुण्यांचे प्रश्न, प्रशंसा आणि गाऱ्हाणी येथे ऐकली जातात. पटलामागे उभ्या असलेल्या तरुण सेवकाच्या हाती फारसे काही नसते. बंद पडलेला खेळ तो सुरू करू शकत नाही, प्रवेशमूल्य ठरवण्याचा अधिकार त्याला नाही, बदललेला देखावा तो पूर्ववत करू शकत नाही. तरीही ज्या निर्णयात त्याचा सहभाग नव्हता, त्याचे उत्तर त्यालाच द्यावे लागते. सगळ्याच मोठ्या व्यवसायांत ही विषमता असते. मालक निर्णय घेतो आणि बोलणी गल्ल्यावरचा पोरगा खातो. म्हणून तक्रार नीट ऐकली गेली की नाही, याची कसोटी पटलापाशी संपत नाही. त्या तरुणाने ऐकलेले किती वर पोहोचते आणि वरचा माणूस ते सांगणाऱ्यावर चिडतो की त्याला बसवून घेतो, येथे ती लागते.

हिशेबावरून वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकाने आपले खाते अजून बंद केलेले नसते, हे जुने मुनीम जाणून असत. ते त्याच्यासाठी चहा मागवीत आणि खतावणीचे पान उघडीत. त्यांना खरी काळजी वाटे ती मुकाट्याने पैसे चुकते करून, चपला घालून निघून जाणाऱ्याची. त्याच्याकडे विचारायला काहीच उरलेले नसे. सायंकाळी हजारो पाहुणे उद्यानातून बाहेर पडतात, तेव्हा त्यांत असेही काही असतात. सिटी हॉलच्या वहीत त्यांचे नाव नसते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा एकच मार्ग आहे. जे बोलायला थांबले, त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणे.