दोन कार्ब्युरेटर आणि एक नळी

फोर्डने १९३२ साली सर्वसामान्यांना परवडेल असं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं. ६५ हॉर्सपॉवरचं. काही वर्षांनी याच गाड्या जुन्या झाल्या, स्वस्त झाल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती लागल्या. पोरांनी मडगार्ड काढली, वजन उतरवलं, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन बसवले आणि मुरोक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर नेऊन गाड्या पळवल्या. वेग मोजण्यासाठी १९३७ साली रीतसर संघटनाही निघाली. पुढे या गाड्यांना हॉट रॉड म्हणू लागले. खिशात फार पैसे नसलेल्यांची रेसिंग कार.

सॅन होजेत माझ्या शेजारी राहणाऱ्या आजोबांनी (मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो) अशी एक रोडस्टर घरी बांधली आहे. छत नाही, मागची सीट नाही. चॅसी स्वतः वेल्ड केलेली, बॉडी फायबरग्लासची, इंजिन भंगारातल्या एका जुन्या फोर्डचं. अकरा वर्षं लागली. मी राहायला आलो तेव्हा फक्त ट्यूनिंग बाकी होतं. ‘फक्त’ हा शब्द माझा. त्यात आठ महिने गेले.

इंजिनवर स्ट्रॉम्बर्ग ९७ जातीचे दोन कार्ब्युरेटर आहेत. ९७ म्हणजे आतली सर्वात अरुंद जागा ०.९७ इंचाची. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन उभ्या जागी थरथरतं. हे जुळवायची जुनी पद्धत अशी: हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आत जाणारी हवा ‘स्स्स’ करते. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्हीकडचा आवाज सारखा होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू पाव पाव फेरा फिरवायचे. नंतर मिक्श्चरचे चार स्क्रू, एकेक करून. आवळत गेलं की इंजिन अडखळतं, सैल करत गेलं की जड होतं आणि पेट्रोलचा वास येतो. मधली जागा शोधायची. शेवटी गाडी चालवून आणून स्पार्क प्लग काढायचे. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरे पडले असतील तर कमी, फिकट तपकिरी असतील तर बरोबर.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी कार्ब्युरेटरची आकृती काढली होती. हातात घेतला तो थेट या गॅरेजमध्ये.

आजोबा इंजिनाच्या खर्जावरून कोणता सिलिंडर नीट जळत नाही ते ओळखायचे. पण नळी कानाला लावली की गणित बिघडायचं. तासभर जुळवलेलं दुसऱ्या दिवशी विस्कटलेलं. मला वाटायचं, स्क्रू सरकतोय. एका शनिवारी त्यांनी नळी माझ्या हातात दिली. “तू ऐक.”

पुढचा कार्ब्युरेटर मागच्यापेक्षा सरळसरळ मोठ्याने ओढत होता. मी तसं सांगितलं.

ते म्हणाले, “मला दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं. काहीच नाही.”

वर्षानुवर्षं गोंगाटात काम करणाऱ्यांचा कान आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात जातो. इंजिनाचा खर्ज त्याच्या खूप खाली, म्हणून तो शाबूत राहतो. हवेचा ‘स्स्स’ वरचा. आपल्या बोलण्यातला ‘स’सुद्धा वरचाच. माझं नाव सुहास. ते मला पहिल्या दिवसापासून ‘ऊहा’ म्हणत होते आणि मी ते अमेरिकन उच्चारावर सोडून दिलं होतं. उघडे एक्झॉस्ट, ग्राइंडर, हातोडा. पन्नास वर्षं ज्या गाड्यांपायी कान गेले, त्यांना आता तेच कान हवे होते.

त्यांच्या ड्रॉवरमध्ये हवा मोजायचं साधन होतं. काचेच्या नळीत तरंगणारी गोळी, डोळ्यांनी बघायची. ते वापरलं असतं तर कोणाला काही सांगावंच लागलं नसतं. मी विचारलं. “तोंडावर ठेवलं की हवा अडते, इंजिनाचा सूरच बदलतो,” ते म्हणाले. हे खरंच आहे. पण मला वाटतं, ही गोष्ट कोणाला तरी सांगायची होती, आणि मुलीला सांगण्याआधी शेजाऱ्याला सांगणं सोपं होतं.

मुलीला त्यांनी महिन्याभराने सांगितलं. श्रवणयंत्र आलं. त्यातून ‘स्स्स’ ऐकू येतो, पण त्यांच्या मते तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. त्यावर ते स्क्रू फिरवायला तयार नाहीत.

आणि ट्यूनिंग काही एकदा करून संपत नाही. हवा बदलते, पेट्रोल बदलतं, नव्याने बांधलेलं इंजिन हळूहळू मोकळं होतं. त्यामुळे अजूनही काही शनिवारी नळी माझ्या कानाला असते आणि स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात. मी म्हणतो, “पुढचा जास्त.” ते पाव फेरा फिरवतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबतात.