एकुलता एक टाय

माणसाच्या अंगावर जेवढे म्हणून कपडे असतात, त्यांत टायइतका निरुद्योगी कपडा दुसरा नसेल. सदरा अंग झाकतो, धोतर लाज राखते, टोपी ऊन अडवते. साध्या उपरण्याने घाम पुसता येतो, बाजारातून भाजी बांधून आणता येते आणि वेळ पडली तर खिडकीतून टाकून एस.टी.त जागा धरता येते! टाय यांतले काहीही करीत नाही. त्याला खिसा नाही, बटण नाही, ऊब नाही. तो नुसता गळ्यात लोंबतो. थट्टेखोर मंडळींनी त्याला ‘कंठलंगोट’ म्हटले, पण तो लंगोटावर अन्याय झाला. लंगोट बिचारा काम तरी करतो.

आणि तरीही या निरुद्योगी पट्टीने गेली साडेतीनशे वर्षे जगभरच्या पुरुषांची मान धरून ठेवली आहे. सतराव्या शतकात क्रोएशियाचे शिपाई फ्रान्सच्या चाकरीत होते. त्यांच्या गळ्यातले गाठ मारलेले रुमाल पॅरिसच्या शौकिनांना आवडले, आणि त्या क्रोएट लोकांच्या नावावरूनच ‘क्रॅव्हॅट’ हा शब्द निघाला. शिपायाचा रुमाल सरदाराच्या गळ्यात गेला, सरदाराकडून कारकुनाकडे आला, आणि साता समुद्रांपलीकडून फिरत फिरत अखेर आमच्या वसतिगृहातल्या अकरा नंबरच्या खोलीत खिळ्यावर येऊन लटकला. त्याच्या या शेवटच्या मुक्कामाबद्दलच मला चार शब्द सांगायचे आहेत.

लहानपणी टाय म्हणजे माझ्या लेखी ‘पलीकडची शाळा’. गावात रस्त्याच्या अलीकडे आमची जिल्हा परिषदेची शाळा आणि पलीकडे इंग्रजी माध्यमाची. पलीकडची पोरे इलॅस्टिकचे टाय घालीत. मधल्या सुट्टीत एकमेकांचे टाय ताणून फटकन सोडण्याचा त्यांचा खेळ चाले आणि आम्ही कुंपणाशी उभे राहून तो पाहत असू. टाय नसल्याचे दुःख होते असे नाही. पण ती पट्टी गळ्यात असलेली पोरे पुढे कुठेतरी जाणार आहेत आणि आपण इथेच राहणार आहोत, असे काहीसे त्या वयातही वाटून जाई.

तृतीय वर्षाला आल्यावर मुलाखतींची बोलावणी येऊ लागली. कुणाला बँकेची, कुणाला विम्याची, कुणाला औषध कंपनीची. प्रत्येक बोलावण्याच्या तळाशी एक ओळ ठरलेली : ‘औपचारिक पोशाख आवश्यक.’ आमच्या मजल्यावर असे उमेदवार सहा, आणि टाय शून्य. तेव्हा गणपतीची वर्गणी जमवावी तशी आम्ही टायची वर्गणी जमवली. सहाजणांत मिळून एक टाय घ्यायचा ठरला, आणि निवडीचे काम माझ्याकडे आले. कारण मी शिंप्याचा मुलगा!

वाचकहो, एका माणसाला शोभेल असा टाय निवडणे सोपे आहे. पण आमच्यातला एक सहा फुटाला टेकलेला, तर दुसरा सव्वापाच फुटांवर थांबलेला. एक गोरा, दोघे गव्हाळ, तिघे अस्सल काळ्या मातीच्या रंगाचे. शर्ट ज्याचे त्याचे. पण कोट मात्र कुणाचाच स्वतःचा नव्हता. कुणी मामाचा आणणार, कुणी मेहुण्याचा. म्हणजे मी अजून न पाहिलेल्या कोटांवर आणि सहा निरनिराळ्या छात्यांवर शोभेल असा एक टाय मला आणायचा होता. एखाद्या स्थळ पाहणाऱ्यानेही इतक्या पत्रिका जुळवल्या नसतील.

दुकानदाराने काचेवर टायांचा ढीग ओतला. पहिला उचलला तो लाल, चकचकीत, सोनेरी बुट्ट्यांचा. तो मुलाखतीपेक्षा मांडवातच शोभला असता. दुसरा काळा. काळा कोट नि काळा टाय म्हटले की आपल्याकडे प्रथम रेल्वेचा टीसी आठवतो. पाश्चात्त्य देशांत तर साधा काळा टाय सुतकातला मानतात. तिसरा तिरक्या पट्ट्यांचा. इंग्लंडात या पट्ट्यांना अर्थ असतो : अमुक रंग अमुक पलटणीचा, तमुक रंग तमुक शाळेचा. अमेरिकेतल्या ब्रुक्स ब्रदर्स या दुकानाने पट्ट्यांचा कल उलटा केला, आणि मग त्या कुणीही वापरायला मोकळ्या झाल्या. आम्हांला पलटणीची अडचण नव्हती. पण आमच्यातल्या एकाचा एकुलता एक चांगला शर्टच पट्ट्यांचा होता, आणि पट्ट्यांवर पट्टे म्हणजे शुद्ध भांडण!

राहिला गडद निळा. साधा, बिनबुट्टीचा, अंगावर चमक नसलेला. पांढऱ्या शर्टावर तो उठून दिसतो आणि फिक्या निळ्यावर मिसळून जातो. कोट करडा असो, काळा असो की तपकिरी, त्याचे कुणाशी वाकडे नाही. मुख्य म्हणजे तो स्वतः बोलत नाही. बोलायचे काम घालणाऱ्यावर सोडतो. रुंदी घेतली आठ सेंटिमीटरच्या आसपासची. १९६० नंतरच्या काही वर्षांत टाय बोटभर अरुंद झाले होते, पुढे १९७० च्या दशकात ते पंजाएवढे रुंद झाले. ही मधली रुंदी फार मिरवली कधीच नाही, म्हणून ती कधी फारशी हास्यास्पदही झाली नाही. रेशमी घ्यायची इच्छा होती, पण वर्गणी पॉलिएस्टरपाशीच संपली.

उंचीचा प्रश्न गाठीने सोडवला. टायचे टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यावे असा संकेत आहे. ‘फोर-इन-हँड’ नावाच्या साध्या गाठीत कापड थोडे जाते, म्हणून ती उंच गड्याला. ‘विंडसर’ या भरदार गाठीत कापड जास्त खर्ची पडते, म्हणून ती बुटक्याला. एकच टाय दोघांनाही बेताचा झाला.

टाय खोलीवर आला आणि रीतसर वादही झाला. एकजण म्हणाला, “ही इंग्रजांची गुलामी आहे. गांधीजींनी टाकलीच ना?” खरे आहे. लंडनला शिकत असताना रोज आरशापुढे टाय बसवण्यात आपली दहा मिनिटे जात, असे गांधीजींनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. आणि त्याच गृहस्थांनी १९२१ साली मदुराईला पंचा नेसला. तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवरचा मित्र उठला. त्याच्या उशाशी बाबासाहेबांची तसबीर असते. सूट, टाय, चष्मा. तो शांतपणे म्हणाला, “आमच्या पणजोबांनी काय नेसायचं, हे गावानं ठरवलं होतं. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेलेल्या माणसानं टाय बांधला, तो कुणाला विचारून नाही बांधला.” खोलीत जरा वेळ कुणी बोलले नाही. मला तेव्हा उमगले, की एकाने टाय काढला, दुसऱ्याने बांधला, आणि दोघेही आपापल्या जागी मोकळेच होते. प्रश्न टायचा नव्हताच. गाठ कुणाच्या हाताने पडते, हा होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अण्णा भाकरीचे गाठोडे घेऊन वसतिगृहावर आले. खिळ्यावरचा टाय त्यांनी खाली काढला. तीस वर्षे त्यांनी गावाचे सदरे, परकर, झबली आणि शाळेचे गणवेश शिवले. टाय मात्र कधी शिवला नाही. त्यांनी तो उलटा केला, दोन्ही हातांनी हलकेच ताणला आणि म्हणाले, “उरेब हाय ह्यो.”

उरेब म्हणजे ताण्याबाण्याच्या रेषेत न कापता तिरके कापलेले कापड. “सरळ कापला असता तर पीळ पडला असता. उरेब कापड जास्त खातं, पर ताण सोसतं, आन् सोडलं की परत जाग्यावर येतं.” नंतर वाचनात आले, की ही युक्ती १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या कारागिराने रूढ केली : कापड पंचेचाळीस अंशांत कापायचे आणि तीन तुकडे जोडायचे. अण्णांनी ते बोटांनी अर्ध्या मिनिटात वाचले. पाठीमागे सुटलेला एक धागा मी तोडू लागलो, तशी त्यांनी माझा हात धरला. “त्यो मुद्दाम ढिला सोडलाय. त्याच्यावरच समदा टाय हलतो.”

टायची गाठ मात्र आम्ही सोडतच नव्हतो. बांधता येणारा एकच गडी. त्याने बांधून ठेवलेली गाठ ढिली करून बाकीचे डोक्यातून टाय घालत. अण्णांनी आमच्या देखत ती गाठ सोडून टाकली. पाचजणांचा जीव वरखाली झाला. “गाठ मारून ठिवली की कापड मरतं, पोरांनो. रोज सोडायची.” मग बांधणाऱ्याकडून त्यांनी दोनदा पाहून घेतले आणि तिसऱ्या खेपेला आपल्याच पांढऱ्या सदऱ्यावर टाय बांधला. आरशात एकदा पाहिले. काही बोलले नाहीत. काढला, नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

हल्ली जगात टाय उतरणीला लागला आहे. जपान सरकारने २००५ साली उन्हाळ्यात वीज वाचावी म्हणून कचेऱ्यांत टाय सोडायला सांगितले. इंग्लंडात २००७ साली, रोगजंतू वाहून नेतो म्हणून, रुग्ण तपासताना डॉक्टरांनी टाय घालू नये अशी सूचना निघाली. तिथल्या संसदेच्या सभापतींनी २०१७ मध्ये सभासदांना टायची सक्ती नसल्याचे सांगितले. मोठमोठ्या कंपन्यांचे मालक उघड्या गळ्याने हिंडतात. ठीकच आहे. ज्यांच्यासाठी दारे उघडीच आहेत, त्यांना टाय काढून ठेवणे परवडते. ज्यांनी दार अजून ठोठावायचे आहे, त्यांना तो एकदा तरी बांधावा लागतो. आणि ज्यांच्याकडे दहा टाय आहेत त्यांनी हवी तेवढी निवड करावी. ज्यांना एकच घेता येतो, त्यांनी न बोलणारा, गडद निळा, मधल्या रुंदीचा घ्यावा. ती आवड नव्हे, तो हिशेब आहे.

आमच्या सहाजणांपैकी तिघांना नोकरी लागली. दोघे परीक्षांच्या अभ्यासात आहेत. मी पुढे शिकणार आहे. टाय आता धाकट्या वर्गातल्या पोरांकडे जाईल. पैसे घ्यायचे नाहीत, असे सर्वानुमते ठरले आहे. अट एकच : टाय देताना गाठ मारून द्यायची नाही, ती बांधायला शिकवून द्यायची.

(तृतीय वर्ष, कला)