बुसान महोत्सव : शेजारची खुर्ची

4 ऑक्टोबर 2023, बुधवार

चुसॉक सणाची लांबलचक सुट्टी काल संपली. आज लॅबमध्ये सगळे आले, पण कामात कुणाचंच मन नव्हतं. चार वाजता ऑन्नी माझ्या टेबलाशी आली. "ऊठ आता. उशीर झाला तर पाय ठेवायला जागा मिळायची नाही." ऑन्नी म्हणजे ताई; ती माझ्याहून बरीच मोठी, जन्मापासून बुसानची. इथल्या चित्रपट महोत्सवावर ती माहेरच्या गणपतीसारखा हक्क सांगते. उद्घाटनाची दोन तिकिटंही तिनंच पटकावली होती. ती विक्रीला आली की काही मिनिटांत संपतात.

सॉम्यॉनला मेट्रो बदलून सेंटम सिटी. बुसान सिनेमा सेंटरच्या छताखाली आलं की दरवेळी मान आपोआप वर जाते. एका बाजूनं आधार आणि पुढे 85 मीटर नुसतं अधांतरी गेलेलं छत, त्याच्या पोटाला हजारो दिवे. व्हिएन्नाच्या 'कूप हिमेलब्लाऊ'चं हे काम 2011 साली पुरं झालं. तिथेच छताखाली, मोकळ्या हवेत हजारो खुर्च्या. लाल गालिच्यावरून चाउ युन-फॅट आला तेव्हा पन्नाशीतले पुरुष शाळकरी पोरांसारखे ओरडत होते. 'अ बेटर टुमॉरो' पाहून तोंडात काडी धरून हिंडलेली ही पिढी. ऑन्नीचे वडील त्यातलेच.

उद्घाटनाचा सिनेमा होता जांग कुन-जेचा 'बिकॉज आय हेट कोरिया'. विशीच्या शेवटाला आलेली गेना इंचॉनहून रोज तास न् तास धक्के खात गांगनामला नोकरीला जाते. एक दिवस ती सगळं सोडून न्यूझीलंड गाठते. कादंबरीत ती ऑस्ट्रेलियाला जाते म्हणे. कसारा लोकलचे धक्के खाल्लेल्या मला तिचा वैताग समजावून सांगायची गरज नव्हती. सिनेमा मात्र मला अर्धाच भावला. गेना तिकडे पोचल्यावर दिग्दर्शकाचा हात सैल पडतो.

परतताना ऑन्नी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कॅनडाचा अर्ज मीही भरला होता. आई आजारी पडली, राहून गेलं." तिच्या देशात येण्यासाठी मी केवढी कागदपत्रं गोळा केली होती! तिला काय म्हणावं ते मला सुचेना.

5 ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर प्रयोग आणि मधल्या वेळात तिकिटं. यंदा 69 देशांतले 209 चित्रपट आहेत, गेल्या वर्षीपेक्षा कमी. महोत्सवाची खुर्चीही अस्थिर. मे-जूनमध्ये वरिष्ठांचे राजीनामे झाले, आता नाम दोंग-चुल प्रभारी म्हणून गाडा ओढताहेत. तरी रस्त्यावर त्याची काही खूण दिसत नाही.

माझा नियम साधा. जो सिनेमा तीन महिन्यांत थिएटरला लागणार, त्यावर इथे तिकीट खर्चायचं नाही. कोरे-एदाचा 'मॉन्स्टर' येईलच. आशियातल्या नवख्या दिग्दर्शकांचे पहिले-दुसरे सिनेमे मात्र इथे चुकले तर चुकलेच. हे मी कोल्हापूरकरांना फोनवर पटवत होते. ते चांगवॉनला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. "ते ठीक हाय ताई, पर चाउ युन-फॅट गावतोय का बघा की." नाही गावला. मग म्हटलं, कुस्तीवरचा एक बांगलादेशी सिनेमा आहे. पलीकडे दोन सेकंद शांतता. "दोन तिकिटं काढा. न्हाई, तीन."

6 ऑक्टोबर, शुक्रवार

परदेशी वाढलेल्या कोरियन लोकांच्या चित्रपटांचा एक वेगळा विभाग यंदा आहे. 'पास्ट लाइव्हज'चं तिकीट मिळालं नाही. रद्द झालेली तिकिटं रात्री परत दिसतात म्हणून बारापर्यंत फोनवर बोट घासत बसले, व्यर्थ. त्याऐवजी कोगोनादाचा 'कोलंबस' पाहिला. इमारती फार देखण्या, माणसं थोडी कमी पडली. झोपते.

7 ऑक्टोबर, शनिवार

आज मल्ली आला. तो गिम्हेच्या एका कारखान्यात साचे ओतण्याचं काम करतो, गाव कुरुणेगलजवळचं. मी त्याला मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणते; तो मला अक्का. आमची ओळख गिम्हेच्या बाजारात, कढीपत्ता शोधताना झाली. श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश वगैरे देशांतले कामगार 2004 साली सुरू झालेल्या सरकारी परवाना योजनेतून कोरियात येतात. भारत त्या योजनेत नाही. म्हणून इथले आपण बहुतेक लॅपटॉपवाले, आणि मल्लीसारख्यांचे हात यंत्राखाली. एरवी या दोन गटांची गाठ फक्त मसाल्याच्या दुकानात पडते.

सिनेमा प्रसन्न विथानगे यांचा 'पॅराडाइज'. 2022ची दिवाळखोर श्रीलंका. केरळचं एक जोडपं लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला रामायणाच्या खुणा दाखवणाऱ्या सहलीवर येतं. रात्री लॅपटॉप आणि फोन चोरीला जातात. नवरा पोलिसांच्या मागे लागतो, चोर हजर करा म्हणून. पोलिसही मग कुणाला तरी हजर करतात. आजूबाजूला पेट्रोल नाही, औषधं नाहीत, लोक रस्त्यावर उतरलेत. या माणसाला आपल्या कामाची मुदत सोडून काही दिसत नाही. पुढचं सांगत नाही.

मल्लीशेजारी बसून हा सिनेमा पाहणं सोपं नव्हतं. पडद्यावरचा भारतीय पाहुणा आवाज चढवी तसतशी मी खुर्चीत खाली सरकत होते. मल्ली मात्र शांत. बाहेर एओमुकच्या, म्हणजे माशाच्या वड्यांच्या, गाडीवर, कागदी पेल्यातला गरम रस फुंकत म्हणाला, "रांग बरोबर दाखवली, अक्का. माझी आई गॅस सिलिंडरला दोरी बांधून रांगेत बसायची. मी इथून पैसे पाठवत होतो, पण पैशांनी गॅस येत नव्हता." थोड्या वेळानं पुढे, "आणि तुमची माणसं आमच्याकडे येऊन असंच ओरडतात. टीप मात्र चांगली देतात."

तेवढ्यात कोल्हापूरकरांचा फोन. क्रिकेट विश्वचषकात दिल्लीला दक्षिण आफ्रिकेनं लंकेविरुद्ध 428 केल्याची बातमी मल्लीला तातडीनं द्यायची होती.

8 ऑक्टोबर, रविवार

'द रेसलर'. दिग्दर्शक इक्बाल चौधरी यांचा हा पहिलाच सिनेमा. चट्टग्राममध्ये कुस्तीला 'बोली खेला' म्हणतात. तिथल्या लालदिघी मैदानावरचा जब्बारचा आखाडा 1909पासूनचा, वैशाखात भरतो. सिनेमात उतारवयाला लागलेला एक मच्छीमार मानाच्या पैलवानाला आव्हान देतो, आणि गाव त्याला वेड्यात काढतं.

कोल्हापूरकर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू खासबागेत मैदान आहे. आमच्या मागच्या दोन रांगा बांगलादेशी पोरांनी भरलेल्या, बहुतेक कारखान्यांतून थेट आलेली. काही संवादांवर फक्त तेच हसत होते. खालच्या इंग्रजीत आणि बाजूच्या कोरियन ओळींत त्या हसण्याचं कारण उतरलं नव्हतं. सिनेमा संथ आहे, अधूनमधून स्वप्नात शिरतो. धोबीपछाड बघायला आलेल्याच्या वाट्याला वारा आणि समुद्र जास्त येतो. मला वाटलं, कोल्हापूरकर कंटाळले. पाहते तर ते पुढे झुकून, गुडघ्यावर मुठी. शेवटची नावं संपेपर्यंत इथे कुणी उठत नाही, दिवेही लागत नाहीत. अंधारातच म्हणाले, "माझा चुलता असाच हुता. साठीला मैदानात उतरतो म्हणून बसला. घरातल्यांनी लंगोट लपवून ठिवला." चुलत्यांचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

रात्री हेउंडेच्या समुद्राकाठी तंबूवजा खानावळीत. महोत्सवात दिग्दर्शक, नट, समीक्षक रात्री इथेच सापडत अशी या तंबूंची ख्याती होती. आमच्या बाकड्यावर कुणी सापडलं नाही. मल्ली, ऑन्नी, कोल्हापूरकर, मी आणि फोनवर चेन्नईचा सामना. ऑस्ट्रेलिया 199 सर्वबाद, म्हणून कोल्हापूरकर खुशीत. मग भारत 2 धावांत 3 बाद. मल्लीनं काही न बोलता आपला पेला उचलून सगळ्यांच्या पेल्याला लावला. तीन आठवड्यांपूर्वी आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात लंकेचे 50 झाले होते, तेव्हा त्याला काय काय ऐकावं लागलं ते मी पाहिलंय. ऑन्नीनं विचारलं, हा खेळ किती वेळ चालतो? आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय बदलला. कोहली आणि राहुलनं सामना काढला, पण तोवर शेवटची मेट्रो गेली होती.

9 ऑक्टोबर, सोमवार

हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, तिच्या दिनाची सुट्टी. सकाळी ऑन्नी मला जुन्या जागी, नाम्पोदोंगला घेऊन गेली. 1996च्या सप्टेंबरात महोत्सव सुरू झाला तो इथल्या चाळीसारख्या दाटीतल्या थिएटरांत. आता फरशीत नामवंतांच्या हातांचे ठसे आहेत आणि त्याहून मोठी गर्दी बिया भरलेल्या होत्तॉकच्या गाड्यांवर. तेलातून काढलेला तो गोड पोळा कात्रीनं चिरून आत सूर्यफूल, भोपळ्याच्या बिया ठासतात. जीभ भाजते, तरी दुसरा घेतला जातो.

खाता खाता ऑन्नी जुनं सांगत होती. 1998पर्यंत कोरियात जपानी सिनेमा दाखवायला बंदी होती, महोत्सवापुरती सूट. तिची मोठी बहीण पहिल्याच वर्षी जपानी सिनेमासाठी या रस्त्यावर रांगेत उभी होती आणि आजोबांना ते कळल्यावर घरात आठवडाभर अबोला. चित्रपटांवरची पूर्वतपासणी घटनाबाह्य आहे असा निकाल घटना न्यायालयानं दिला तोही 1996 सालीच, 4 ऑक्टोबरला. म्हणजे बुधवारी आम्ही छताखाली बसलो होतो त्या दिवशी त्याला सत्तावीस वर्षं झाली. पण कायद्यानं सगळं मिटत नाही. 2014 साली सेवॉल बोटीच्या दुर्घटनेवरचा माहितीपट दाखवू नका असं महापौरांनी सांगितलं. महोत्सवानं तो दाखवला आणि पुढची कित्येक वर्षं किंमत मोजली. त्या वर्षीचा माहितीपटाचा शो ऑन्नीनं पाहिलाय.

दुपारी मोरी तात्सुयाचा 'सप्टेंबर 1923'. 1 सप्टेंबर 1923ला तोक्योच्या परिसरात भूकंप झाला. कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत अशी अफवा उठली आणि गावोगावच्या टोळ्यांनी कोरियनांना वेचून मारलं. ओळखायचं कसं, तर 'पंधरा येन पन्नास सेन' म्हणायला लावायचं. उच्चार अडखळला की संपलं. फुकुदा गावात 6 सप्टेंबरला कागावाहून आलेले फिरते औषधविक्रेते अडवले गेले. होते जपानीच, पण बोली लांबची. पंधरांपैकी नऊ मारले गेले. सिनेमात त्यांचा म्होरक्या जमावाला विचारतो, कोरियन असतो तर मारणं चाललं असतं का?

त्या प्रश्नाला थिएटरात खोकलाही ऐकू आला नाही. ऑन्नीनं माझं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. मी मात्र त्या क्षणी बुसानमध्ये नव्हते. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, 1 जुलै 2018. मुलं पळवणारी टोळी आली अशी मोबाइलवरची अफवा, आठवडी बाजार, आणि भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण जमावानं मारले. तेही लांबचे, सोलापूरकडचे. बाहेर आल्यावर ऑन्नीला हे सांगितलं. तिनं विचारलं, "त्यावर तुमच्याकडे सिनेमा निघाला?" मी पाहिलेला तरी नाही म्हणाले.

एका जपानी माणसानं हा सिनेमा काढला, भूकंपाच्या शताब्दीच्या दिवशी जपानात प्रदर्शित केला आणि तो बुसानला आणला, याचं मोल मला पडद्यावरच्या कारागिरीपेक्षा मोठं वाटतं. कारागिरीत तो मध्यंतरापर्यंत पसरट आहे, हेही लिहून ठेवते.

13 ऑक्टोबर, शुक्रवार

निकाल आले. नवोदितांसाठीचं 'न्यू करंट्स' पारितोषिक 'द रेसलर' आणि 'सप्टेंबर 1923' या दोघांना. किम जी-सॉक यांच्या नावाचं पारितोषिक 'पॅराडाइज' आणि किर्गिझस्तानच्या 'ब्राइड किडनॅपिंग'ला. किम जी-सॉक हे महोत्सव उभारणाऱ्यांपैकी एक, 2017 साली कानमध्ये असताना गेले. मल्लीनं रात्रपाळीतून नुसता झेंडा पाठवला. कोल्हापूरकरांचा निरोप, "परीक्षकांना कुस्ती कळती."

बुसानला यायचं कुणाच्या मनात असेल तर उद्घाटनाच्या तिकिटामागे धावू नका. आशियातल्या नवख्या दिग्दर्शकांच्या सिनेमांची यादी उघडा, ज्या देशाचा सिनेमा असेल तिथला एखादा ओळखीचा माणूस गाठा आणि दोन तिकिटं काढा.