उशाशी बसणारे

२०१९ साली हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आम्हाला टेबलावर आडवे व्हावे लागले. सर्जन अजून हात धूत होते. तेवढ्यात उशाकडून एक चेहरा आमच्यावर वाकला आणि शांतपणे म्हणाला, "फादर, मोठा श्वास घ्या. मी इथंच आहे." पुढचे काही आम्हाला आठवत नाही. बरे होऊन धर्मग्रामात परतल्यावर आम्ही सर्जनला आभाराचे पत्र धाडले, सोबत आपल्या वसईच्या सुकेळ्यांची पेटीही पाठवली. 'मी इथंच आहे' म्हणणाऱ्या त्या भूलतज्ज्ञाचे नाव मात्र आम्ही विचारलेसुद्धा नाही. ही कृतघ्नता आमच्या ध्यानात आली ती तीन वर्षांनी, आणि तीही सातासमुद्रापार.

२०२२ च्या उन्हाळ्यात शिकागोजवळच्या एका चर्चमध्ये रजेवर गेलेल्या धर्मगुरूंच्या जागी आम्ही दोन महिने काम पाहिले. त्या देशात आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एक भाऊ-बहीण राहतात. आम्ही नवखे सहायक धर्मगुरू होतो, तेव्हा थोरला आमचा वेदीसेवक होता आणि धाकटी गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी राही. थोरला डॉक्टर झाला. तिकडे जाऊन त्याने भूलशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि आज तो मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे. धाकटी मुंबईत परिचारिका झाली. अमेरिकेत तिने अतिदक्षता विभागात नोकरी केली, आणखी शिकली आणि भूल देणारी परिचारिका झाली. ती आयोवा राज्यातील एका छोट्या गावाच्या इस्पितळात असते. दोघेही एकच काम करतात, म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसतात. दोघांचा एकमेकांशी मात्र अबोला होता.

आपल्याकडे भूल देण्याचे काम डॉक्टरच करतात, म्हणून हे भांडण वाचकांना प्रथम नवलाचे वाटेल. तिकडे दोन्ही वर्ग आहेत, दोन्हींच्या बलाढ्य संघटना आहेत आणि त्यांचा वाद शतकाहून जुना आहे. थोरला आपल्या राज्यातील डॉक्टरांच्या संघटनेत पदाधिकारी झाला होता. विधिमंडळाच्या समित्यांपुढे जाऊन साक्ष द्यायची, आमदारांना भेटायचे, तरुण डॉक्टरांना संघटित करायचे, हे काम तो सुट्टीच्या दिवसांत, स्वतःच्या खर्चाने करीत असे. एका रात्री जेवण आटोपल्यावर त्याने आपली बाजू आम्हापुढे मांडली.

"फादर, भूल म्हणजे झोप नव्हे," तो म्हणाला. "रुग्णाचा श्वास, रक्तदाब, हृदय सगळं आम्ही हातात घेतो. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काही होत नाही. ज्या एका वेळी होतं, तेव्हा दोन मिनिटांत रोग ओळखावा लागतो. त्यासाठी वैद्यकाची चार वर्षं आणि त्यावर निवासी डॉक्टर म्हणून चार वर्षं असतात. परिचारिकांनी काम करावं, माझ्याबरोबर करावं. पण पथकाचं नेतृत्व डॉक्टरकडे असावं."

त्याचे म्हणणे पोकळ नव्हते. १९५४ साली बीचर आणि टॉड या दोघांनी दहा इस्पितळांतील सुमारे सहा लाख रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात भुलेमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण साधारण १,५६० रुग्णांमागे एक असे निघाले. १९९९ मध्ये तिथल्या वैद्यकसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात हे प्रमाण दोन ते तीन लाखांमागे एक इतके खाली आल्याचे नमूद केले होते. या क्रांतीमागे डॉक्टरांच्या नेतृत्वाचा मोठा वाटा होता, हे नाकारता येणार नाही. १९०५ साली न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर नऊ डॉक्टरांनी सुरू केलेल्या छोट्याशा मंडळातून त्यांची राष्ट्रीय संघटना वाढली. १९२७ साली राल्फ वॉटर्स विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि त्यांनी या विषयाला शास्त्राची शिस्त लावली. १९८५ साली रुग्णसुरक्षेसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान उभे राहिले. त्या प्रतिष्ठानात डॉक्टर होते, तशाच परिचारिका, यंत्रे बनविणारे आणि विमेवालेही होते. थोरल्याने हा तपशील आम्हाला सांगितला नाही. तो आम्हाला धाकटीकडून कळला.

धाकटीला भेटायला आम्ही बसने आयोवाला गेलो. दोन्ही बाजूंना मक्याची शेते, मधूनच धान्याची कोठारे आणि मग एकदम तिचे गाव. "इथं भूलतज्ज्ञ डॉक्टर यायला तयार नाहीत, फादर," ती म्हणाली. "रात्री बाळंतीण अडली तर उशाशी मीच असते." वृद्धांसाठी सरकारी विमा आहे, त्याच्या नियमानुसार अशा परिचारिकेवर डॉक्टरची देखरेख लागते. नोव्हेंबर २००१ मध्ये राज्यपालांना आपले राज्य या अटीतून वगळण्याची मुभा मिळाली. पुढच्याच महिन्यात आयोवाने सर्वांत आधी ती घेतली. आज वीसहून अधिक राज्ये त्या वाटेने गेली आहेत.

मग तिने आम्हाला ठाऊक नसलेला इतिहास सांगितला. भूल देण्याचे शिक्षण घेतलेल्या तिथल्या परिचारिकांत पहिले नाव घेतले जाते ते एका धर्मभगिनीचे. सिस्टर मेरी बर्नार्ड यांनी पेनसिल्व्हेनियातील ईरी गावच्या सेंट व्हिन्सेंट इस्पितळात हे काम हाती घेतले. त्या काळी इथरचा रुमाल धरायला नवशिका विद्यार्थी उभा राही आणि त्याचे लक्ष रुग्णाऐवजी सर्जनच्या सुरीकडे असे. नजर रुग्णावरून ढळू न देणारे माणूस सर्जनना हवे होते. ते त्यांना व्रतस्थ भगिनींत आणि परिचारिकांत सापडले. मिनेसोटातील रॉचेस्टर येथे फ्रान्सिस्कन भगिनींनी १८८९ साली सेंट मेरीज इस्पितळ उघडले. तिथे मेयो बंधूंसाठी भूल देणाऱ्या ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने १९०६ साली चौदा हजारांहून अधिक रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतला एकही रुग्ण भुलेमुळे दगावला नव्हता. पुढे डॉक्टर या क्षेत्रात आले, प्रकरणे न्यायालयांत गेली. १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सर्जनच्या देखरेखीखाली भूल देणारी परिचारिका बेकायदा डॉक्टरकी करीत नाही. २०२१ साली परिचारिकांच्या संघटनेने आपल्या नावात 'भूलशास्त्र' हा शब्द घेतला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने जाहीर आक्षेप नोंदवला. त्यात पैशाचा भागही आहेच. कोणाच्या नावाने देयक निघते, यावर बरेच काही ठरते.

एवढे सांगून तिने कपाटातून एक पत्रक काढले. थोरल्याच्या मंडळींपैकी काहींनी ते वाटले होते. त्यावर टेबलावर निजलेल्या एका म्हातारीचे चित्र होते आणि खाली एकच प्रश्न छापला होता, 'तुमच्या आईच्या उशाशी कोण असेल?'

"माझ्याशी वाद घाला," ती म्हणाली, "पण माझ्या रुग्णांना माझी भीती का घालता?"

आम्ही धर्मगुरूच्या सवयीने समेटाची भाषा सुरू केली. प्रत्येक घराला एक कर्ता लागतो, अधिकार म्हणजे सेवाच, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "फादर, आपल्या धर्मग्रामातल्या दवाखान्याचे निर्णय कोण घेतं? सिस्टर की तुम्ही?"

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या दवाखान्याची चावी, रोजची वही, रात्री-अपरात्री दार वाजवणारे आजारी हे सारे सिस्टर कित्येक वर्षे सांभाळीत होत्या. समितीच्या अध्यक्षपदी मात्र आम्ही होतो आणि वार्षिक अहवालावर छायाचित्रही आमचेच होते. शिकागोला परतताना बसमध्ये आम्हाला ती सुकेळ्यांची पेटी आठवली.

गोरेगावच्या सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही पोप पायस बारावे यांची १९५७ सालची दोन भाषणे अभ्यासली होती. दोन्ही भूलतज्ज्ञांपुढे झालेली. फेब्रुवारीतल्या भाषणात वेदना शमविणे नीतीला धरून आहे हे त्यांनी स्पष्ट केले. नोव्हेंबरमध्ये असाधारण उपायांनी जीव टिकवीत राहण्याचे बंधन नाही, असे सांगितले. परीक्षेसाठी आम्ही ते पाठ केले होते. त्या बसमध्ये आमच्या लक्षात आले, की दोन्ही भाषणांच्या केंद्रस्थानी टेबलावरचा माणूस होता, टेबलाभोवतीच्या मंडळींचा मानपान नव्हता.

२०२४ च्या पावसाळ्यात दोघांची आई अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. वय एक्याऐंशी. दोघेही धावत आले, वेगवेगळ्या विमानांनी. शस्त्रक्रियेच्या सकाळी आम्ही माऊलीला रुग्णाभ्यंग दिला. तिला आत नेल्यावर आम्ही तिघे बाहेरच्या बाकड्यावर बसलो, मध्ये आम्ही. तिच्या उशाशी इथलीच एक तरुण डॉक्टर होती. तिला ना थोरला ओळखत होता, ना धाकटी. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या आयांजवळ बसलेली ही दोन मुले आपल्या आईच्या बाबतीत दाराबाहेर होती.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग धाकटीच म्हणाली, "दादा, पाठीतली भूल दिली की दाब उतरतो. औषध भरून ठेवलं असेल ना?"

"ठेवलं असेल. मी असतो तर ठेवलं असतं."

"मीही."

पुन्हा शांतता. मग खाली पाहत थोरला म्हणाला, "त्या पत्रकावरचा प्रश्न मी लिहिला होता."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुझी भाषा मला कळत नाही होय?"

आम्ही मध्येच काही उपदेशपर बोलणार होतो. त्या दिवशी प्रथमच शहाणपण सुचले आणि आम्ही उठून चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा आमची जागा भरलेली होती. थोरला सरकून धाकटीजवळ बसला होता.

माऊली आज काठी टेकत चर्चला येते. मुलांचा वाद मिटला, असे मात्र कोणी समजू नये. थोरला अजूनही समित्यांपुढे साक्ष देतो, नेतृत्व डॉक्टरकडेच असावे असे ठामपणे सांगतो. धाकटी अजूनही त्याविरुद्ध आमदारांना पत्रे लिहिते. बदलले ते एवढेच. परत गेल्यावर थोरल्याने आपल्या सहकाऱ्यांच्या बैठकीत ते पत्रक मागे घ्यायला लावले. 'प्रशिक्षणातला फरक सांगू, भीती विकणार नाही,' असे तो म्हणाला. काहींनी त्याला मवाळ ठरवले, पुढच्या निवडणुकीत त्याची मते घटली. अवघड रुग्ण आला, की धाकटी आता त्याला फोन करते, असे तिने कळवले. तोही तिला कधी विचारतो का, हे आम्ही विचारले नाही.

आपल्या लोकांची बाजू मांडणे हे पाप नव्हे. कोणी तरी ती मांडलीच पाहिजे. परंतु आपली बाजू उंच करण्यासाठी दुसऱ्याच्या उशाशी बसण्याला हिणवावे लागत असेल, तर त्या नेतृत्वात कुठे तरी उणे आहे. हे आम्ही डॉक्टरांना शिकवायला निघालेलो नाही. आमच्या दवाखान्याच्या समितीचे अध्यक्षपद आम्ही गेल्या वर्षी सिस्टरांकडे सोपविले. त्यांनी पहिल्याच बैठकीत आमच्या दोन सूचना फेटाळल्या, आणि त्या फेटाळण्यासारख्याच होत्या.

आमच्या शस्त्रक्रियेच्या जुन्या कागदांवरून त्या भूलतज्ज्ञाचे नावही आम्ही शोधून काढले. ते आता दुसऱ्या इस्पितळात असतात. पाच वर्षे उशिरा का होईना, सुकेळ्यांची एक पेटी आम्ही स्वतः नेऊन दिली. त्यांना आम्ही आठवत नव्हतो. "कोणत्या शस्त्रक्रियेचे म्हणालात, फादर?" असे त्यांनी विचारले, आणि आम्ही सांगू लागलो.