सगळे १२७.०.०.१ वरून

गेल्या शनिवारी सकाळी पुण्याहून येऊन तावडे हॉटेलपाशी उतरलो आणि उचगावात घरी पोचलो, ते आडवं व्हायच्या विचाराने. बघतो तर सोप्यात चेअरमन बसलेले! (संस्थेचं नाव लिहीत नाही. जवळच्याच गावातली दूध संस्था, संकलनाचं सॉफ्टवेअर मीच हौसेने बसवून दिलेलं.)

"बाळा, एका सभासदाची फॅट ६.४ ची ७.४ झालीया. दहा दिवसाच्या बिलात घावलं. कुणी केली ते तुज्या कंप्युटरला ठावं असंल की. केंद्रावरच्या नव्या पोरीवर समद्यांचा संशय हाय. उद्या मीटिंगात तिला काढायचं चाललंय."

टॉमकॅटचा लॉग उघडला. प्रत्येक ओळीत एकच पत्ता, १२७.०.०.१. झोप उडाली. लॉगिनही सगळ्यांना मिळून एकच, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला.

तर मंडळी, चूक माझीच. पुढे एन्जिनएक्स (इगोर सिसोएव्हने २००४ साली सगळ्यांसाठी खुला केला तो), मागे ८०८० पोर्टवर टॉमकॅट. ब्राउझर बोलतो एन्जिनएक्सशी, आणि एन्जिनएक्स स्वतःचं वेगळं कनेक्शन उघडून टॉमकॅटशी. म्हणजे टॉमकॅटला गिऱ्हाईक दिसतं एकच, तेही त्याच मशीनवरचं. मी प्रॉक्सी-पासची एक ओळ लिहिली होती, पान दिसलं, खूश होऊन चहाला गेलो होतो.

संस्थेत असं चालत नाही हो. कोड नंबर बघून आधी सँपल काढतात, मगच दूध कॅनमध्ये ओततात. एकदा ओतलं की कुणाच्या म्हशीचं ते देवालाही कळायचं नाही. मी सँपल न काढताच ओतत होतो.

वाचवलं ते एन्जिनएक्सच्या स्वतःच्या लॉगने. त्यात खरा पत्ता असतो. पण आमच्या सर्व्हरवर हे लॉग १४ दिवसच राहतात, आणि तो बदल १२ दिवसांपूर्वीचा! दोन्ही लॉग शेजारी ठेवून वेळ जुळवली. रात्री ९ वाजून ४१ मिनिटं. पत्ता निघाला संस्थेच्या ऑफिसचा, तिथला आयपी कायमचा एकच आहे, वायफायही नाही. चेअरमन बराच वेळ गप्प.

"आफिसची किल्ली दोघांकडंच असती," एवढंच म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

रविवारच्या मीटिंगमध्ये त्या मुलीचं नाव निघालं नाही.

मी मात्र रविवारभर दुरुस्तीत. एन्जिनएक्सने आता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये खरा पत्ता लिहून पुढे पाठवायचा. टॉमकॅटला तो वाचायला रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह लावला. तरी लॉगमध्ये १२७ च! अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, लॉग लिहिणाऱ्या व्हॉल्व्हलाही 'रिक्वेस्ट-ॲट्रिब्यूट्स-एनेबल्ड' ट्रू असं वेगळं सांगावं लागतं. शिवाय हा हेडर कुणीही बाहेरून खोटा भरून पाठवू शकतो. म्हणून बाहेरून आलेल्यात भर न घालता तो पुसून एन्जिनएक्सनेच नव्याने लिहायचा, असं ठेवलं.

आणि हे सगळं करताना दिसलं, ८०८० बाहेरच्यांनाही उघडाच होता. एन्जिनएक्सला वळसा घालून कुणीही थेट आत! तोही फक्त १२७.०.०.१ ला बांधून टाकला.

प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यायचं काम राहिलंय. पुढच्या शनिवारी. भिंतीवरचा तो कागद तेवढा चेअरमननी फाडलाय म्हणे.