वचनाचे शब्द

विवाहाचा विधि जितका लांब, तितकें वधूवरांचें बोलणें कमी, असा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. कन्यादानाच्या वेळीं वर 'नातिचरामि' म्हणतो खरा. पण तें तो म्हणतो कन्येच्या पित्याला. जिच्याविषयीं वचन दिलें जातें ती शेजारींच बसलेली असून त्या संभाषणांत तृतीयपुरुषीं असते. भाषाही अशी, कीं वचन देणारा, घेणारा आणि जिच्याकरितां तें द्यावयाचें ती, यांपैकीं कोणालाच बहुधा ती समजत नाहीं. समजलीच तर भटजींना, आणि त्यांना तर कांहींच पाळावयाचें नसतें!

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें ही रीत पार उलटी केली. विधि कोणताही करा. पण विवाह-अधिकारी व तीन साक्षीदार यांच्या समक्ष प्रत्येकानें दुसऱ्यास, उभयतांना समजेल अशा भाषेंत, मी तुझा कायदेशीर पती वा पत्नी म्हणून स्वीकार करतों, अशा अर्थाचें वाक्य म्हटल्याखेरीज तो विवाह पुरा होत नाहीं. असें वाक्य १८७२ च्या कायद्यांतही होतें. मात्र तेथें आपण हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादि कोणत्याही धर्माचे नाहीं असें आधीं लिहून द्यावें लागे. १९२३ च्या दुरुस्तीनें हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती ती अट सुटली.

माझ्या भाचीचा विवाह या नव्या कायद्यान्वयें व्हावयाचा आहे. नोटीस लागली असून तीस दिवसांची मुदत चालू आहे. मामाला मराठी चांगलें येतें, या समजुतीवर वाक्यें जुळविण्याचें काम मजकडे आलें. कायद्याचें वाक्य तर ठरलेलेंच, त्यापुढें दोघांनीं काय म्हणावयाचें तेवढें लिहावें, असें हें वरकरणी सोपें काम. पण घोडें त्या ठरलेल्या वाक्यापाशींच अडलें. मूळ इंग्रजींत जुनें एकवचनी संबोधन आहे, तेव्हां मराठींत 'तुझा' हेंच योग्य. मुलीनें चारचौघांत नवऱ्याला 'तूं' म्हणावें हें ताईला रुचेना. त्यानें 'तुझा' म्हणावें आणि आपण 'तुमचा' म्हणावें हें भाचीला रुचेना. नंतर 'पती' या शब्दावर खल झाला. भूपती, सेनापती यांतला हा पती म्हणजे धनीच कीं! मला 'सहचर' आवडत होता. परंतु कचेरींत नवा शब्द चालवून पुढें वाद कोण ओढवून घेणार? 'पती' राहिला. घरांत तो 'नवरा'च असणार आहे.

जोतीराव फुले यांचीं १८८७ सालीं छापलेलीं मंगलाष्टकें मीं तिला दाखविलीं. त्यांत वधू वराकडे स्त्रियांचे हक्क मागते, आणि वर ते देण्याचें कबूल करतो. तिला तीं आवडलीं. "पण मामा, आम्हांला एवढें बोलायला नको," ती म्हणाली.

कां नको, हें कोणीं विचारलें नाहीं. ताईचा विवाह होम, सप्तपदी, सर्व कांहीं यथासांग होऊन झाला होता; आणि बारा वर्षांनीं तिचे यजमान एके सकाळीं घरांतून गेले, ते परतले नाहींत. ज्या मुलीनें नवव्या वर्षीं हें पाहिलें, तिला 'आजन्म' आणि 'कदापि' हे शब्द टोचतात. माझ्या मसुद्यांतून तिनें ते एकेक करून खोडले. प्रेमाचें वचनही खोडलें, आणि तेथें मला तिचें म्हणणें पटलें. आचरणाचें वचन देतां येतें. भावनेचें देणें म्हणजे पुढल्या सालच्या पावसाची हमी देणें.

मग उरलें काय? घरखर्च, घरकाम आणि दोन्हीकडच्या वडीलमाणसांची काळजी. मोठ्यानें वाचून पाहिलें, तों थेट भाडेपत्र वाटलें.

तांदूळ निवडीत बसलेली ताई मान वर न करतां म्हणाली, "अरे, एवढें लिही, कीं जायचें झालें तर सांगून जाईन."

भाचीनें तें माझ्या हातांतल्या कागदावर स्वतः लिहिलें. मुलाला तें प्रथम अभद्र वाटलें. दोन दिवसांनीं त्यानें आपलें एक वाक्य पाठविलें: जें खुपेल तें आधीं तुला सांगेन, मग इतरांना. ताईच्या मतें यांत पळवाट आहे. सध्यां दोन्ही वाक्यें मसुद्यांत आहेत, आणि मुदत संपावयास अजून अकरा दिवस आहेत.